अळीसाहेब

परभणीत माणसाला टोपणनाव पडायला वेळ लागत नाही आणि एकदा पडलं की ते रेशनकार्डावरच्या नावालाही भारी पडतं. अळीसाहेबांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आणि घराच्या पाटीवर आहे. पण पाटी वाचून त्यांच्याकडे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वसमत रोडला रिक्षावाल्याला "अळीसाहेबांकडं" म्हटलं की तो बरोबर दारात सोडतो आणि उतरताना "संभाळून, घरात मुंगळे पाळलेत" असं फुकट बजावतोही.

नोकरी कृषी सहायकाची. मानवत, सेलू, पाथरी हा सगळा कापसाचा पट्टा त्यांनी मोटारसायकलवर पालथा घातला. कामगंध सापळे लावायचे, सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग निघाले की शेतकऱ्याला सांगायचं, "आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, फवारा आता." 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापूसवाल्यांना रडवलं तेव्हा साहेब बांधाबांधावर हिरवी बोंडं फोडून आतली अळी दाखवत हिंडले. हे नाव त्या हंगामातलं.

रिटायर झालेला माणूस आमच्याकडे एकतर देवाला लागतो, नाहीतर प्लॉटिंगला. साहेब मुंगीला लागले. उभी हयात कीटक मारायचे सल्ले देण्यात घालवली, आणि निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत त्याच कीटकांचं वकीलपत्र घेतलं.

निमित्त नातीचं झालं. पुण्याची नात सुट्टीत आली, ती एक चित्रांचं पुस्तक घेऊन. त्यात एक मुंगी गादीवर पांघरूण घेऊन झोपलेली. नात म्हणाली, "आबा, मुंगी खरंच झोपते?" साहेबांना कीटकांबद्दल असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेतकरी विचारायचा तो "मरेल का?" एवढंच. आपण ज्यांना मारत होतो ते झोपतात की नाही, हे इतक्या वर्षांत मनातसुद्धा आलं नाही, याचा साहेबांना धक्काच बसला. पोरीला "बघून सांगतो" म्हणाले. आजोबा लोक असं म्हणतात ते विषय टाळायला. साहेब खरंच बघायला निघाले.

परभणीत एक बरं आहे. 1972 पासून इथं कृषी विद्यापीठ आहे आणि गावातल्या प्रत्येकाचं तिथं कुणीतरी ओळखीचं असतंच. त्या ओळखीनं साहेबांनी अमेरिकेतला एक शोधनिबंध मिळवला, डिक्शनरी घेऊन ओळीन्‌ओळ वाचला आणि आठवडाभरानं माझ्याकडे आले. मी एका लहान मुलांच्या दिवाळी अंकाचं संपादन बघतो, म्हणजे जाहिराती गोळा करतो आणि उरलेल्या वेळात गोष्टी वाचतो. साहेब खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "झोपते!"

"कोण?"

"मुंगी. दिवसातून 250 वेळा."

निबंध 2009 सालचा, दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातला. फायर अँट नावाची लाल मुंगी, चावली की आग होते ती. प्रयोगशाळेतल्या घरट्यात कॅमेरे लावून तिच्या झोपेची मोजदाद केली. कामकरी मुंगी दिवसभरात सुमारे 250 डुलक्या काढते, एकेक डुलकी जेमतेम मिनिटाची. बेरीज पावणेपाच तासांच्या आसपास जाते. राणी 90 वेळा झोपते, पण दर वेळी सहाएक मिनिटं, म्हणजे चांगली 9 तास. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर एक सरकारी कार्यालय उभं राहिलं. कोणतं ते सांगत नाही. तेवढ्यात साहेब पुढं म्हणाले, "पण कधीही बघा, दर पाचातल्या चार कामकरी जाग्या." हे मात्र त्या कार्यालयाशी जुळेना.

"झोपलीय हे ओळखायचं कसं? तिला पापण्या कुठायत मिटायला?" मी विचारलं.

साहेब सुखावले. त्यांच्या मिशा भरघोस आहेत आणि सुखावले की त्या वर जातात. "मिशांवरून. जागी असली की मिशा हलत्या. पेंगली की अर्ध्यावर. गाढ झोपली की आत ओढून घेते. आणि गाढ झोपेत राणीच्या मिशा मधूनच फडफडतात." एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या मिशीला हात लावला. मला वाटतं, मुंगीशी त्यांचं खरं नातं त्या क्षणी जुळलं.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, तर साहेब हा एक छंदी म्हातारा म्हणून सोडून देता आला असता. पण टेबलावर पडलेली एक गोष्ट त्यांनी उचलली. एका हौशी लेखिकेची. त्यात एक वाक्य होतं: 'चिंगी मुंगीनं डोळे उघडले, मोठा सुस्कारा सोडला, कान टवकारले, नाकानं साखरेचा वास घेतला आणि चार पायांत चार बूट घालून ती बाबांचा हात धरून शाळेत निघाली.' साहेबांनी खिशातून हिरवं पेन काढलं. लाल पेन साहेबांचं, हिरवं पेन मोठ्या साहेबांचं, ही सरकारी उतरंड त्यांच्या हाडात मुरलेली. नोकरीत हिरवं पेन कधी हाताला लागलं नाही, ते त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच विकत घेतलं.

"डोळे उघडले म्हणजे? पापण्या नाहीत, आत्ताच बोललो. सुस्कारा कशाचा? फुप्फुसं नाहीत, अंगाला बाजूनं भोकं असतात, हवा तिथून जाते. कान नाहीत, जमिनीचा थरथराट पायांना कळतो. नाक नाही, वास मिशांनी. आणि पाय चार कामून? गाय आहे का ती?" मग ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अन्‌ बाबांचा हात तर धरताच येत नाही, संपादक. नर मुंगी संग झाल्यावर थोड्याच काळात मरते. लेकरू जन्माला यायच्या आधीच बाप गेलेला असतो. आता हे लेकरायच्या अंकात घ्यायचं का नाही, ते तुम्ही बघा."

मी म्हटलं, "आणि बूट?"

"बुटाचं काय?"

"मुंगी बूट घालते का?"

"राहू द्या की बूट," साहेब उदार होऊन म्हणाले. "फक्त जोड्या तीन करा."

तिथं मला त्यांचं शास्त्र कळलं आणि ते बाहेरून दिसतं तितकं खुळचट नाही. मुंगी बोलली तर त्यांची हरकत नाही. शाळेत गेली, आजारी पडली, निवडणुकीला उभी राहिली तरी चालेल. "लेकराला माहीत असतं की मुंगी बोलत नाही. ते आपल्या संगनमतात असतं," ते म्हणतात. "पण पाय किती, हे त्याला माहीत नसतं. जिथं त्याला माहीत नाही तिथं आपण थाप मारली, तर ती थाप लेकरू खरी म्हणून घेऊन जातं. बूट ही कल्पना. चार पाय ही चूक." मी आजवर बालसाहित्यावरची बरीच भाषणं ऐकली, काही छापलीसुद्धा, इतकी कामाची कसोटी एकाही भाषणात मिळाली नव्हती. ती मांडून झाल्यावर माणूस थांबत नाही, हीच काय ती अडचण.

कारण साहेबांनी बालसाहित्याला पिकाची पद्धत लावली. गोष्टीत एखादी चूक असली तर ते सोडून देतात. मित्रकीड म्हणतात तिला. दहा टक्के वाक्यं सडकी निघाली की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली. मग पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची, म्हणजे लेखकाला सौम्य पोस्टकार्ड: 'आपली कथा वाचून आनंद झाला. तथापि कोळी हा कीटक नसून त्याला आठ पाय असतात.' उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र, जरा जहाल. तिसऱ्या पत्राचा मजकूर मी वाचला आहे. कृषी खात्यातल्या बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत तो सहज बसेल.

सगळ्यात जास्त पत्रं मुंगळ्यावरून गेली. मुंगीचं मुंगळ्याशी लग्न ही आपल्या बालगोष्टींतली परंपरागत सोयरीक. वरात काय, अक्षता काय, गुळाची ढेप काय. साहेबांना हे लग्न मुळातून नामंजूर. अंगणातला मोठा काळा मुंगळा ही वेगळीच जात, त्या लहान काळ्या मुंगीचा तो कुणीही लागत नाही. वर आणखी गंमत अशी की झाडाच्या बुंध्याशी आपल्याला दिसणारा, चालणारा, मावा राखणारा, गूळ पळवणारा तो अख्खा घोळका बायकांचा. कामकरी सगळ्या माद्याच. "म्हणजे नवरदेवसुद्धा बाईच," साहेब म्हणतात, "अन्‌ पुन्हा परजातीतली." हे त्यांनी एका बालनाट्याच्या तालमीत उभं राहून सांगितलं. मुंगळ्याचं काम करणारा चौथीतला पोरगा तिथंच मिशी काढून बसला आणि त्याची आई साहेबांशी अजून बोलत नाही.

चित्रपटांची गतही तीच. 1998 साली हॉलिवूडवाल्यांनी एकाच वर्षी मुंग्यांचे दोन चित्रपट काढले. नातीचा आवडता 'अ बग्ज लाइफ'. त्यात मुंग्यांना दोन हात आणि दोन पाय. 'अँट्झ'मध्ये हातपाय सहा भरतात, म्हणून साहेब खूश होऊन बसले. पण नायक निघाला कामकरी पुरुष. साहेबांनी टीव्ही बंद केला. नातीनं भोकाड पसरलं. साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, टीव्ही लावून दिला आणि साहेबांना ओट्यावर बसायला लावलं.

इसापाला मात्र साहेब निम्मे गुण देतात. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसाप मराठीत छापला गेला त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली, आणि तेव्हापासून आपल्या पोरांना मुंगी साठवते, टोळ गातो आणि थंडीत भीक मागतो, हे पाठ आहे. साठवण्याचा भाग खरा, असं साहेबांचं म्हणणं, आणि त्याला पुरावा पुण्याचा. 1829 च्या सुमारास पुण्यात साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता. सकाळी फिरताना त्यानं पाहिलं की पावसानं भिजलेलं गवताचं बी मुंग्यांनी बिळातून वर आणून उन्हात वाळत घातलंय. त्यानं ते लिहून ठेवलं आणि 1835 मध्ये लंडनला छापलं. "आपल्या बाया पापड वाळत घालतात, त्या का वेगळं करतात?" साहेब म्हणतात. बियाणं वाळवणाऱ्या मुंगीबद्दल बोलताना त्यांच्यातला कृषी सहायक भरून येतो.

टोळाच्या बाबतीत इसाप नापास. टोळ थंडीत भीक मागायला जिवंतच नसतो. त्याचा हंगाम संपलेला, अंडी मातीत सुरक्षित. फ्रान्समध्ये ह्या गोष्टीत टोळाच्या जागी झाडावर बसून किर्र करणारा सिकाडा असतो. तिथल्या फाब्र या जुन्या कीटकनिरीक्षकानं तर उलटीच तक्रार नोंदवून ठेवली: भर उन्हाळ्यात सिकाडा सोंड खुपसून झाडाचा रस काढतो आणि त्या रसावर फुकट चरायला गर्दी करतात त्या मुंग्याच. हे वाचल्यापासून साहेबांनी मुंगीची कष्टाळू म्हणून फार तारीफ करणं कमी केलंय. पक्षकाराची लफडी वकिलाला माहीत असावीत, पण कोर्टात बोलू नयेत, असं काहीसं.

मुक्ताबाईंच्या अभंगातल्या उडत्या मुंगीपाशी मात्र ते हात जोडतात. मी म्हटलं, "ही बघा चूक, मुंगी कुठं उडते?" साहेब एकदम ताठ झाले. राणी आणि नर यांना पंख असतात, ते उडतात, उडण्याच्या काळातच त्यांची जुळणी होते, मग राणी स्वतःचे पंख झाडून टाकते आणि जमिनीत शिरून संसार थाटते. पंख फुटले की मुंगीचं मरण जवळ आलं, ही आपली म्हण नराला लागू, राणीला नाही. परदेशात बंदिस्त घरट्यात ठेवलेली एक राणी 28 वर्षांहून जास्त जगली. तेव्हा तेराव्या शतकातली ती बाई कीटकशास्त्रात बरोबर आहे, असा साहेबांचा निकाल. ती मुंगी उडाल्यावर सूर्याचं काय करते, त्या ओळीबद्दल साहेब मौन पाळतात. देव आणि मुक्ताबाई यांना हिरवं पेन लागत नाही.

पहिला मोठा पाऊस पडला की दिव्याखाली जे पंखवाले ढीग होतात ते मात्र बहुतेक मुंग्यांचे नसतात, हे त्यांनी मला ओट्यावर बसवून दाखवलं. बल्ब पेटलेला, खाली परात, परातीत पाणी. एक किडा चिमटीत धरून ते म्हणाले, "कंबर बघा." कंबर नव्हतीच; गळ्यापासून बुडापर्यंत एकसारखा. "मिशा सरळ, मण्यांच्या माळेगत. मुंगीची मिशी कोपरात मुडपलेली असते. अन्‌ चारी पंख सारखे. मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान." ती वाळवी होती. वाळवी मुंगीपेक्षा झुरळाच्या जवळची. तिच्याकडे राणीबरोबर राजाही जिवंत राहतो, म्हणजे बाबांचा हात धरून शाळेत जायचंच असेल तर वाळवीच्या लेकरानं जावं. वारूळही तिचंच बांधकाम. नागोबा तिथं आयता भाडेकरू. हे सगळं सांगताना साहेबांच्या टकलावर दहा-बारा वाळव्या पंख टाकून मोकळ्या झाल्या होत्या. काकू आतून म्हणाल्या, "अहो, आधी दिवा बंद करा. माझ्या पिठात पडायल्यात."

काकूंविषयी लिहिलं नाही तर साहेबांचं चित्र अर्धंच राहील. 250 डुलक्यांची ती मुंगी अमेरिकेतली. आपल्या मुंगळ्याचं काय, म्हणून साहेबांनी घरात मोजणी सुरू केली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्याकडची जुनी म्हण. साहेबांनी ती शास्त्रीय पायावर आणली. मधमाशी नाचून दिशा सांगते हे जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठाच्या फ्रिश या शास्त्रज्ञानं उलगडलं आणि 1973 चं नोबेल नेलं. झोपमोड झालेली मधमाशी तो नाच चुकते, हे पुढं अमेरिकेत 2010 मध्ये सिद्ध झालं. तिथं माशांच्या पाठीला लोखंडाचे कण चिकटवून वर लोहचुंबक फिरवत रात्रभर त्यांना जागवलं होतं. "जर्मनीनं नाच घेतला," साहेब म्हणाले, "झोप आपण घेऊ." म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत प्लास्टर ओतून मुंगळ्यांचं घर झालं. ओळखायला प्रत्येकीच्या पाठीवर नातीच्या नेलपॉलिशचा ठिपका. लाल उजेड मुंग्यांना नीटसा दिसत नाही, म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन कागद. वही, घड्याळ, थर्मासमध्ये चहा. रात्री दहापासून नोंदी.

ती वही मी पाहिली आहे. 'क्र. 4, 11.42, स्थिर, मिशा अर्ध्यावर. क्र. 4, 11.43, हालचाल. क्र. 7, 11.51, स्थिर, मिशा खाली.' अक्षर शेवटी शेवटी उतरणीला लागतं आणि 12.06 च्या नोंदीतून पेनाची एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत घसरत जाते. त्याखाली वेगळ्या, टपोऱ्या अक्षरात एक नोंद आहे. ती काकूंची: '12.10, निरीक्षक स्थिर. मिशा खाली.'

साहेबांनी ती खोडलेली नाही. नोंद बरोबर आहे, असं ते म्हणतात.

माझ्या डोळ्यांदेखत साहेब एकदाच निरुत्तर झाले, ते पूर्णा तालुक्यातल्या एका रेशीमवाल्याच्या शेडमध्ये. आमच्या जिल्ह्यात आता पुष्कळ शेतकऱ्यांनी तुती लावलीय. रॅकवर पाल्याचे थर, त्यावर हजारो पांढऱ्या अळ्या, आणि त्या खाताना पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा आवाज. पण आम्ही गेलो त्या दिवशी शेड गप्प होती. शेतकरी दारातच म्हणाला, "हळू या. अळ्या झोपल्यात." अळ्यांनी खाणं सोडलेलं, डोकी वर करून सगळ्या जागच्या जागी थिजलेल्या. तो त्यांच्यावर चुन्याची भुकटी चाळत होता, गादी कोरडी राहावी म्हणून. साहेबांना राहवेना. "ही झोप नाही. ही कात टाकायची अवस्था आहे. अळी आपल्या जन्मात चार वेळा कात टाकते, ही तिसरी. आतून नवी कातडी तयार होत असते. झोप म्हणजे कशी, थोडं हलवलं की जाग यायला हवी, मोडली तर ती नंतर भरून काढायला हवी..."

शेतकऱ्यानं चाळणी खाली ठेवली. "साहेब, झोप म्हणा नायतर कात म्हणा. पाला टाकला तर ज्या जाग्या झाल्या त्या आधी खाणार, बाकीच्या मागं पडणार, बॅच लहान-मोठी होणार, अन्‌ कोषाला भाव तुम्ही देणार का? सगळ्या उठल्याबिगर पाला नाही. एवढं आमच्या बारक्यालाबी माहितीय." त्याचा बारका तिथंच कोष करायच्या चंद्रिकेच्या जाळ्यांवर बसून चिप्स खात होता. त्यानं मान हलवली. परतताना पूर्णेच्या पुलापर्यंत साहेब बोलले नाहीत. मग म्हणाले, "माणसाला अळीच्या झोपेवरून नफा-तोटा कळतो म्हणजे... हे लिहायला पाहिजे."

आणि त्यांनी लिहिलं. साहेबांची पहिली बालकथा. नायिका कामकरी मुंगी, एक दिवसाची गोष्ट, एकही चूक नाही. 'मुंगी चालली. मुंगीनं दाणा उचलला. मुंगी झोपली. मुंगी उठली. मुंगी चालली. मुंगी झोपली. मुंगी उठली.' अशी बावीस पानं. मी विचारलं, हे काय? "250 डुलक्या आहेत," साहेब म्हणाले. "मोजून घ्या." तीन बैठका झाल्या. मी दहा म्हणालो, ते 250 वर अडले. बाजार समितीत कापसाचा भाव ठरावा तसा आकडा खाली येत येत तेवीसवर तुटला, तोही 'बाकीच्या डुलक्या जागेअभावी' अशी तळटीप टाकायच्या अटीवर.

मला ती गोष्ट फसणार याची खात्री होती. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत साहेबांनी ती वाचून दाखवली. "मुंगी झोपली" म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक पोरगी जमिनीवर आडवी झाली. "मुंगी उठली" म्हटल्यावर उठली. दुसऱ्या डुलकीला निम्मा वर्ग आडवा. साहेबांनी वाचन थांबवलं. मला वाटलं रागावणार. ते म्हणाले, "असं नाही. पाचात चार जाग्या पाहिजेत." मग त्यांनी पोरांचे पाच-पाचचे गट पाडले, प्रत्येकातलं एक झोपणार, साठ आकडे म्हणून झाले की उठणार आणि दुसरं झोपणार, बाकीच्यांनी खडूचे तुकडे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहायचे, समोरून येणाऱ्याच्या डोक्याला हाताच्या मिशा लावून ओळख पटवायची. खोलीचं वारूळ झालं. एक गट बाहेर जाऊन नळावरून पाणी घेऊन आला, कुणी न सांगता. पोरं ओरडत होती, "झोपली! उठली!" आणि नेमक्या त्या वेळी केंद्रप्रमुख तपासणीला आले. वर्गाचा एक पंचमांश भाग फरशीवर झोपलेला, उरलेला खडू चोरतोय, आणि मध्यभागी एक मिशाळ म्हातारा घड्याळ लावून उभा. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "हे काय चाललंय?" एक चिमुरडी त्यांच्याकडे वळून तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. तुमच्या पायानं जमीन हलायलीय, मुंग्यांना कळतं."

अंक निघाला. गोष्ट छापली. चित्रकार औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, त्याला साहेबांनी फोनवरून मिशीचा कोन अंशांत सांगितला होता, कंबर सांगितली होती, पाय मधल्या भागातूनच निघतात हे दोनदा सांगितलं होतं. चित्र आलं ते छापखान्यातून थेट अंकातच. मुंगी सुरेख. कंबर बरोबर, मिशा कोपरात मुडपलेल्या. पाय चार.

साहेब चिडले नाहीत. काळं जेल पेन घेऊन आमच्या ऑफिसात बसले आणि गठ्ठ्यातल्या एकेका प्रतीत दोन-दोन पाय काढायला लागले. विकून गेलेल्या अंकांसाठी वर्गणीदारांची यादी मागून घेतली, नानलपेठेपासून जिंतूर रोडपर्यंत दारोदार गेले. लोकांना वाटलं जनगणना आली. तरी पुरे पडेना, तेव्हा त्या शाळेतली पोरं कामाला लावली. प्रत्येकाला पेन आणि एकच सूचना: जिथं हा अंक दिसेल तिथं मुंगीला दोन पाय वाढवायचे.

पोरांनी सूचना तंतोतंत पाळली. परवा वाचनालयात साहेब आणि मी तो अंक चाळत होतो. ग्रंथपालांनी आमच्यासमोर आणून ठेवलेली प्रत बरीच हाताळलेली होती. साहेबांनी चष्मा वर केला, पेनाच्या टोकानं पाय मोजले, पुन्हा मोजले.

"किती?" मी विचारलं.

"दहा," साहेब म्हणाले. थोडा वेळ विचार केला. "आठ असते तर कोळी म्हणून भागवलं असतं. दहा म्हणजे खेकडा."

ग्रंथपालांनी ही प्रत बदलून द्यायची तयारी दाखवली. साहेबांनी मान हलवली, अंक पिशवीत घातला, नोंदवहीत सही केली आणि मला म्हणाले, "विद्यापीठात मत्स्यवाल्या कुणाशी ओळख आहे का तुमची? खेकडा झोपतो का, बघावं लागेल."